बाबांच्या कानांचा करार

सोमवार, ३ मार्च

ताई,

पत्राची सुरुवात कशी करावी यावर बराच वेळ गेला, म्हणून ती न करता मुद्द्यावर येते. टपालाने पाठवलं तर उशीर होईल, म्हणून मेल करते आहे. पण पत्र म्हणूनच वाच. तुझ्या शेवटच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. हेही त्याचं उत्तर नाही.

बाबांनी श्रवणयंत्रांची जोडी घेतली आहे. म्हणजे अजून घेतलेली नाही, घेण्याच्या करारावर सही केली आहे. खरी जोडी यायची आहे. तोवर वापरून बघायला दुकानाने एक जोडी दिली आहे. ती टेबलावर डबीत पडून आहे आणि बाबा तिला हात लावत नाहीत. आज सकाळी मी विचारलं, तर म्हणाले, "आं?" दुसऱ्यांदा विचारलं, तर पेपर उचलून स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने दाराशी येऊन पुटपुटले, "हे परत नाही का करता येत?" आणि उत्तराची वाट न बघता गेले.

ते करता येतं का, हे मी शोधते आहे. रविवारी आईशी फोनवर बोलताना यातलं काही काढू नकोस. का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

झालं ते आईच्या शब्दांत असं.

"मीच बोलावला त्याला. जाहिरातीत होतं, घरी येऊन फुकट तपासतो. ओरडून ओरडून माझा घसा गेला. आज आपल्याकडे काय शिजतंय ते शेजारणीला कळतं, यांना कळत नाही."

शुक्रवारी संध्याकाळी तो आला. आई त्याला टायवाला म्हणते. त्याने स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप उघडला, बाबांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बोट वर करा म्हणून सांगितलं.

"मग?"

"मग काय, बसले दगडासारखे."

"एकदाही बोट वर केलं नाही?"

"एकदा केलं. ते नाक खाजवायला."

मी विचारलं की फ्रिज चालू होता का. चालू होता. वर पंखाही होता. त्या खोलीत चांगल्या कानाच्या माणसालाही निम्मे आवाज ऐकू येणार नाहीत. त्याच्या यंत्राला तपासणीचं प्रमाणपत्र होतं का, असंही विचारलं.

"त्याला टाय होता," आई म्हणाली.

नंतर त्याने दोन्ही कानांत गुलाबी लगदा भरून साचे घेतले. कराराचे कागद त्याच्याकडे नव्हते, म्हणून दोघांना गाडीत घालून दुकानात नेलं आणि तिथे बाबांनी सही केली. मुकाट. आईला याचंच नवल वाटतं आहे. तिला वाटलं होतं, ते टायवाल्याला दारातूनच घालवतील.

तू गेलीस त्यानंतर काही महिन्यांत बाबांना ऐकू येईनासं झालं, हे या घरात आता सगळ्यांनी धरून चाललेलं आहे. मी कान तपासत नाही, कान तपासणारी यंत्रं बरोबर मोजतात का ते तपासते. हा फरक आईला कधीच पटला नाही. पण आमच्याकडे आवाजबंद खोली आहे. शनिवारी बाबांना तिथे नेते.

मोजपट्टी
(नाव तूच ठेवलं होतंस, तेव्हा ओळखशील.)


शनिवार, ८ मार्च

ताई,

आधी निकाल. बाबांना ऐकू येतं.

कसं कळलं ते लिहिते, नाहीतर तू विश्वास ठेवणार नाहीस. आमची खोली लिफ्टएवढी आहे. दार लावलं की स्वतःच्या गिळण्याचा आवाज ऐकू येतो. बाबांना आत बसवलं, हातात बटण दिलं. काचेबाहेर मी. आवाज वाढवत नेला. बऱ्याच मोठ्या आवाजाला त्यांनी बटण दाबलं. मी आकडा लिहिला. पुन्हा तेच केलं, तर आकडा वेगळा. तिसऱ्यांदा आणखी वेगळा. ज्याला खरंच कमी ऐकू येतं, त्याचं बटण दर वेळी जवळपास त्याच जागी पडतं. ज्याला ऐकू येतं आणि तसं दाखवायचं नसतं, त्याला मात्र मागच्या वेळी कुठे दाबलं ते लक्षात ठेवावं लागतं.

मग मी माइकचा आवाज अगदी तळाला नेला आणि पुटपुटल्यासारखं म्हणाले, "झालं बाबा, या बाहेर."

बाबा उठले. दाराच्या कडीला हात लावला. आणि तिथेच थांबले.

काचेतून आम्ही एकमेकांकडे बघत होतो. मग ते परत जाऊन खुर्चीवर बसले, जणू उठलेच नव्हते. मला हसू आलं की राग, ते नीट नोंदवता येत नाही. मी दार उघडून आत गेले. त्या खोलीत दोन माणसं बसत नाहीत, म्हणून उभी राहिले.

"कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बाबा."

"आईला सांगू नकोस," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते माझ्याशी एवढ्या हळू बोललेले मला आठवत नाही.

पुढचं सगळं त्यांच्याकडून ओढून काढावं लागलं. तू रविवारी फोन करतेस. आईला त्या वेळी कपड्यांच्या घड्या घालायच्या असतात, म्हणून ती फोन टेबलावर ठेवते आणि आवाज मोठा करते. बाबा समोरच्या खुर्चीत शब्दकोडं घेऊन बसतात. मी त्या वेळी पोहायला जाते. का जाते ते तुला माहीत आहे.

"ऐकू येत नाही म्हणून बसता येतं," बाबा म्हणाले. "ऐकू येतं म्हटलं, तर उत्तर द्यावं लागेल. नाहीतर उठावं लागेल."

"मग यंत्राच्या करारावर सही कशाला केलीत?"

"नको म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. काय देणार होतो?"

मी सांगितलं, विक्रेता घरी येऊन गळ्यात मारून गेला असेल, तर दोन आठवड्यांच्या आत सही मागे घेता येते. आपल्याकडे तसा कायदा आहे. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी मोटर उलटी फिरवून दाखवली.

"सही मागे? सही म्हणजे सही."

"नाही, बाबा. काही बाबतींत."

"कारण काय लिहायचं?"

"कारण विचारत नाहीत."

"म्हणजे नुसतं नको म्हटलं की झालं?"

"मुदतीत म्हटलं तर."

"आणि मुदत संपली तर?"

"मग समोरच्याच्या मर्जीवर."

माझ्या मनात आलं ते तुझ्याही मनात येईल: बाबांच्या मोटर दुरुस्तीच्या वर्कशॉपच्या भागीदारीचे कागद. तू सही केलीस, दारावरच्या पाटीवर तुझं नाव चढलं आणि महिन्याभरात तू नको म्हणालीस. सही म्हणजे सही, हे ते तेव्हा म्हणाले होते. मी जिन्यात उभी होते.

एक गोष्ट राहिली आणि ती मला अडचणीची वाटते. बाबांनी नंतर प्रामाणिकपणे बटण दाबलं. खालचे आणि मधले आवाज उत्तम. अगदी बारीक, उंच आवाज वयामुळे थोडे गेले आहेत. तुझा आवाज बारीक आहे. फोनमधून तू बोलतेस त्यातलं बरंचसं त्यांना कळत असणार आणि थोडं ते अंदाजाने भरून काढत असणार. म्हणजे ती यंत्रं लावली, तर त्यांना तू अधिक स्पष्ट ऐकू येशील. पण लावली, तर त्यांना तुझं ऐकत बसता येणार नाही.

यातून काय करायचं ते मला कळत नाही. तुला सांगणं बरोबर की चूक, तेही कळत नाही. फोनवर सांगता आलं नसतं, हे तर आता उघडच आहे.


बुधवार, १२ मार्च

ताई,

रविवारी तुझा फोन आला नाही. आई म्हणाली, कामात असेल. बाबांनी पूर्ण वेळ शब्दकोडं समोर धरलं होतं. मी पोहायला गेले नव्हते, म्हणून पाहिलं. एकही चौकोन भरला गेला नाही.

तुझी मेल मिळाली. "इतकी वर्षं मी आईशी काय काय बोलले ते आठवते आहे." एवढंच वाक्य. बाबांबद्दल काही वाईट बोलली असशील, तर तेही त्यांनी ऐकलं आहे आणि तरी पुढच्या रविवारी ते खुर्चीत बसले आहेत. याचा अर्थ काय लावायचा तो तू लाव. मी फक्त घडलं ते सांगते.

काल ग्राहक सल्ला कार्यालयात गेले. तिथे एक सल्लागार बाई आहेत. समोर फायलींचा एवढा ढीग की आधी आवाज आला, मग बाई दिसल्या.

"सही कुठे झाली?"

"दुकानात."

"मग विसरा. आपल्या पायांनी दुकानात जाऊन केलेली सही मागे घेता येत नाही. लोकांना वाटतं, पावती दाखवली की सगळं परत. ते दुकानदाराचं सौजन्य असतं, कायदा नाही."

"आपल्या पायांनी नाही गेले. तो घरी आला, घरी पटवलं आणि त्याच्याच गाडीतून दुकानात नेलं."

"लगेच?"

"आईने गॅसवरचं दूधसुद्धा उतरवलं नव्हतं."

"असं आधी सांगा ना. मग ती घरचीच सही धरतात. दोन आठवडे मिळतात."

"पण आईनेच त्याला बोलावलं होतं."

"बोलावलं म्हणून काय झालं? चालतं."

"आणि कानांचे साचे घेतलेत."

बाईंनी चष्मा काढला. "अरे देवा. मापाने बनवलेली वस्तू परत जात नाही. तुमच्या वडिलांचे कान दुसऱ्या कुणाला बसणार?"

मी करार पुढे केला. त्यात यंत्रं वेगळ्या ओळीत आहेत आणि साचे वेगळ्या ओळीत. बाईंनी दोनदा वाचलं. यंत्रं कारखान्यातून सगळ्यांना सारखीच येतात, साचे तेवढे बाबांचे. म्हणजे यंत्रं परत जाऊ शकतात, साच्यांचे पैसे सोडावे लागतील. असं त्यांचं मत.

"मला मत नको, नियम हवा," मी म्हणाले.

"अहो, नियम वाचूनच मत देतेय. येत्या शुक्रवारपर्यंत लेखी द्या. फोनवर सांगू नका, फोनवर सांगितलेलं कुणाला ऐकू येत नाही. आणि ज्याने सही केली, त्यानेच लिहायचं. तुम्ही नाही, आई नाही."

घरी येऊन आईला एवढंच म्हणाले की करार रद्द करता येईल. ती कांदा चिरत होती.

"रद्द कशाला? ऐकू आलं तर बरंच आहे की."

"त्यांना नको असेल तर?"

"त्यांना काय हवंय ते कुणाला कळलंय आजपर्यंत?" तिने दुसरा कांदा घेतला. "मला काय, ओरडायची सवय झालीय. पण कधी कधी वाटतं, एकदा हळूच बोलून बघावं. बघावं, मान वळते का."

"बघितलंस का?"

"मी कशाला बघू? तू बघितलंस ना, तुझ्या त्या कपाटात कोंबून. काय निघालं?"

मी म्हणाले, उंच आवाज थोडे गेले आहेत. ते खोटं नाही.

"हो का," आई म्हणाली, आणि बाहेरच्या खोलीकडे तोंड करून घर हलेल एवढ्या मोठ्याने ओरडली, "अहो, जेवायला बसताय ना?"

तिला माहीत आहे की नाही, हे मला ठरवता येत नाही. माहीत असेल, तर तिने टायवाल्याला का बोलावलं? माहीत नसेल, तर ती माझ्याकडे तशी का बघत होती? मी मोजण्याचं काम करते, ताई. मोजायचं काय तेच माहीत नसेल, तर कितीही चांगलं यंत्र घ्या, काही उपयोग नसतो.


शनिवार, १५ मार्च

ताई,

काल बाबांनी सही मागे घेतली.

दुपारी त्यांनी मला वर्कशॉपवर बोलावलं. तू पाहिलं होतंस त्यातलं अर्धंच उरलं आहे. पुढची बाजू भाड्याने गेली. पाटी मागच्या भिंतीला टेकवून ठेवली आहे, तोंड भिंतीकडे. तांब्याच्या तारेची रिळं बाजूला करून त्यांनी कागद मांडला होता.

"सांग, काय लिहू?"

"अमुक तारखेचा करार मी रद्द करत आहे. एवढंच."

त्यांनी तेवढं लिहिलं. अक्षर अजून तसंच आहे, प्रत्येक अक्षर वेगळं, स्क्रूने घट्ट बसवल्यासारखं. मग खाली "कारण" असं लिहिलं आणि पेन तसंच धरून राहिले.

"बाबा, कारण नाही लिहिलं तरी चालतं."

"कारणाशिवाय बरं वाटत नाही. समोरच्याला काय वाटेल?"

"कायदा म्हणतो, समोरच्याने विचारायचं नाही."

"कायद्याचं काय जातं म्हणायला." त्यांनी "कारण" खोडलं. मग पान खराब दिसतं म्हणून दुसरं घेतलं आणि सगळं पुन्हा लिहिलं. लिहिता लिहिता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिनेही नव्हतं दिलं."

मी गप्प बसायला हवं होतं. "दिलं होतं, बाबा. दोन तास देत होती. तुम्ही ऐकलं नाही."

"तेव्हा मला ऐकू येत होतं," बाबा म्हणाले.

हे ते माझं खोडून काढायला म्हणाले की कबूल करायला, मला सांगता येत नाही. तू मला विचारू नकोस.

सही करून त्यांनी कागद माझ्या हातात दिला. मी तो दुकानात नेऊन दिला आणि प्रतीवर पोच घेतली. मुदतीत.

उद्या रविवार आहे. मी काही मागत नाही.


बुधवार, १९ मार्च

ताई,

याही रविवारी तुझा फोन आला नाही. आईने विचारलं, तुमचं दोघींचं काही झालं का. मी म्हणाले, आमचं काही होण्याइतकं बोलणंच कुठे आहे. ती म्हणाली, ते खरं आहे. आणि घड्या घातलेले टॉवेल उलगडून परत घालायला बसली.

मी तुला सांगितलं नसतं, तर तू फोन केला असतास. मी करार रद्द करायच्या मागे लागले ती बाबांची खुर्ची टिकावी म्हणून, आणि खुर्चीसमोरचा फोनच बंद पडला. सांगितलेलं परत घ्यायला कुठल्या कायद्यात मुदत आहे का, ते बाईंना विचारलं नाही.

काल टायवाला वापरायला दिलेली जोडी न्यायला आला. सोबत त्या गुलाबी मापांवरून बाबांच्या कानांसाठी बनवलेले साचे आणले होते. ते परत जाऊ शकत नाहीत, म्हणून आपल्याकडेच राहणार. पारदर्शक आहेत, आकाराने दोन सोललेल्या लसणीच्या पाकळ्यांसारखे. आईने त्याला चहा दिला.

"का परत करतोय ते विचारणार नाही?" आई त्याला म्हणाली.

"विचारता येत नाही, काकू. नियम आहे."

"बरं आहे तुमच्या धंद्यात. आमच्याकडे माणूस पाच मिनिटं उशिरा आला तरी विचारतात."

"ऐकू येतं ना पण काकांना?" त्याने हळूच विचारलं.

आईने बाबांकडे पाहिलं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. "छे रे," आई म्हणाली. "ठार बहिरे आहेत."

ती हे इतकं शांतपणे, इतक्या हलक्या आवाजात म्हणाली की मी हातातला कप खाली ठेवला. बाबांच्या मानेचा रंग बदलला. मान वळली नाही.


सोमवार, २४ मार्च

ताई,

काल तू फोन केलास. तुला तिकडे जे ऐकू आलं ते तुला माहीत आहे. जे दिसलं नाही ते लिहिते.

फोन वाजला तेव्हा आई स्वयंपाकघरात होती. बाबा फोनपासून हातभर अंतरावर होते आणि शब्दकोड्यात डोकं घालून बसले होते. बहिऱ्या माणसाने फोन वाजतो आहे असं ओरडायचं नसतं, त्यामुळे त्यांची फार पंचाईत झाली. त्यांनी पाय लांब करून स्टूल पाडलं. त्या आवाजाने आई बाहेर आली.

आईने फोन टेबलावर ठेवला आणि आवाज नेहमीसारखा पूर्ण मोठा केला. तू म्हणालीस, "हॅलो, आई." ती म्हणाली, "बोल." आणि तू काही बोललीच नाहीस.

तुला वाटलं असेल, तिकडे काहीतरी चाललं आहे. काहीही चाललं नव्हतं. आईच्या हातात बाबांचा शर्ट होता, एक बाही घडीच्या आत, एक बाहेर. मी दाराशी होते. तुझ्या बाजूने गाड्यांचा आवाज येत होता. तू श्वास घेतलास, तोही ऐकू आला, कारण फोन चांगला आहे आणि घरात दुसरा आवाज नव्हता.

"अगं बोल ना," आई म्हणाली. "आहेस का?"

"आहे," तू म्हणालीस. मग पुन्हा काही नाही.

मला वाटलं, आता बाबा उठतील. त्यांनी कोडं मांडीवर उपडं ठेवलं, हात खुर्चीच्या दोन्ही दांड्यांवर ठेवले. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. काय बोलणार होते ते मलाही माहीत नाही.

ते उठले नाहीत. आईकडे वळले आणि बहिरी माणसं बोलतात तसं, गरजेपेक्षा खूप मोठ्याने म्हणाले, "काय म्हणतेय ती?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे एकदाही विचारलं नव्हतं. आईने शर्ट खाली ठेवला.

"काही म्हणत नाहीये," ती तेवढ्याच मोठ्याने म्हणाली.

"मग बोल म्हणावं तिला." बाबा फोनकडे बघत होते, आईकडे नाही. "मला काही ऐकू येत नाही."